दुकानाचं नाव घेतलेलं गाणं

पोलिसांनी मिथुनच्या मोबाईलच्या दुकानातला कॉम्प्युटर उचलून नेला, तेव्हा प्रदीप नवापूरला एका हळदीत गात होता. सकाळी तो बोईसरच्या पोलीस ठाण्यात पोचला. मिथुन बाकावर बसला होता. समोर खुर्चीत मुंबईच्या म्युझिक कंपनीची उत्कर्षा होती. कायद्याचं काम ती बघायची. कंपनीची गाणी चोरून वाटल्याची तक्रार तिने दिली होती, पण गुन्हा अजून नोंदवलेला नव्हता. त्यासाठी तिला प्रदीपचा जबाब हवा होता.

प्रदीप उमरोळीजवळच्या पाड्यातला. हळदीची गाणी बांधायचा आणि गायचा. गाणं तयार झालं की आधी मोबाईलच्या दुकानदारांना द्यायचं, ही त्याची रीत. प्रत्येकाला वेगळी प्रत, कारण ढोलकी थांबली की तो त्या दुकानाचं नाव पुकारी आणि शेवटी आपला फोन नंबर सांगे. दुकानदार ते गाणं गिऱ्हाइकांच्या मेमरी कार्डात भरत, ग्रुपवर टाकत. त्यांचं नाव गावोगाव वाजे, प्रदीपला हळदीची कामं मिळत. या भागातले बहुतेक गायक असंच करत.

मग मुंबईच्या त्या कंपनीने त्याच्या गाण्यांचे हक्क घेणारा करार त्याच्याशी केला. गाणी सगळ्या ॲपवर येतील, चोरी थांबेल, असं सांगितलं. प्रदीपला वाटलं, करार ॲपपुरता आहे. दुकानाचं नाव पुकारणं म्हणजे त्याच्या लेखी जाहिरात. ते त्याने चालूच ठेवलं. कंपनीने आधी ग्रुप बंद पाडले. मग लग्नघरांनी टाकलेले व्हिडिओ उडाले. ॲपवर त्याचं गाणं शोधत कोणी बसेना आणि हळदीसाठी येणारे फोन कमी झाले. त्याची बायको दीपा तारापूरला एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली.

उत्कर्षाने मोबाईलवर फाइल लावली. ढोलकी थांबली आणि प्रदीपचाच आवाज आला, "मिथुनभाऊंचं दुकान, नवापूर नाका, बोईसर." हवालदार हसला.

"हे तुम्ही करारानंतर रेकॉर्ड केलंत का, एवढंच सांगा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दोन्ही उत्तरांचा परिणाम तिने नीट समजावला. नाही म्हटलं, तर मिथुनने जुना आवाज नव्या गाण्याला जोडून ते वाटलं, असा अर्थ होईल आणि गुन्हा त्याच्यावर लागेल. हो म्हटलं, तर करार प्रदीपने मोडला. मग कंपनीचं नुकसान भरून येईपर्यंत त्याचं प्रत्येक नवं गाणं कंपनीचं.

प्रदीपने मिथुनकडे पाहिलं. आपलं पहिलं गाणं कोणी ऐकत नव्हतं, तेव्हा या माणसाने ते आपणहून लोकांच्या कार्डात भरून दिलं होतं.

"नाय म्हण," मिथुन म्हणाला.

"तुमाला आत टाकतील, भाऊ."

"टाकू दे. दुकान माझा पुतण्या बघल. तुझी गाणी काय तुझा पुतण्या गानार हाय?"

हवालदार पुन्हा हसला. प्रदीप उत्कर्षासमोर जाऊन उभा राहिला.

"मीच बोललोय ते," तो म्हणाला. "करार झाल्यावरच. यांनी काय चोरलं नाय. मी दिलं."

उत्कर्षाने बॅगेतून दोन कागद काढले. दोन्ही तयारच होते. एक प्रदीपच्या कराराची मुदत वाढवणारा. दुसरा मिथुनसाठी: तक्रार मागे, कॉम्प्युटर परत, मात्र प्रदीपचं जुनं किंवा नवं कुठलंही गाणं दुकानात ठेवायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. बाकीच्या दुकानदारांकडूनही अशाच सह्या घेणार असल्याचं तिने सांगितलं.

प्रदीपने विचारलं, मग माझी गाणी लोकांपर्यंत नेणार कोण? ॲपवर आहेतच, ती म्हणाली. कंपनीकडे अशी हजारो गाणी आहेत, प्रत्येकाची जाहिरात करणं जमत नाही.

"मग घेता कशाला एवढी?" मिथुन म्हणाला.

"त्यातली थोडीच चालतात, काका. कोणती चालतील ते आधी कळत नाही. म्हणून सगळी घ्यावी लागतात."

दोघांनी सह्या केल्या. फाइली इथेच काढून मगच कॉम्प्युटर न्यायचा, असं ठरलं. हवालदाराने तो टेबलावर जोडून दिला. मिथुनने माउस धरला आणि तसाच बसून राहिला. पडद्यावर प्रदीपच्या नावाचा फोल्डर होता.

"भाऊ, सरका," प्रदीप म्हणाला.

त्याने फोल्डर निवडला आणि डिलीट दाबलं. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तो उत्कर्षाकडे वळला. ती फोनवर दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होती. त्याने 'हो'वर दाबलं.