आत्याचा नकार

आत्याला नाही म्हणता येत नाही, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिच्या या गुणाचा ताप एक दिवस थेट विद्यापीठापर्यंत पोचेल, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची, आणि व्यायामाचं खूळ डोक्यात घेतलेल्यांची तीच कंबर पुन्हा घट्ट करून द्यायची. गिऱ्हाईक विचारायचं, "उद्या मिळेल ना?" आत्या म्हणायची, "हो, मिळेल की." हा उद्याचा वायदा सगळ्यांनाच मिळायचा. त्यामुळे दुकानात गठ्ठ्यांवर गठ्ठे आणि दारात रोज कुणी ना कुणी तणतणत उभं. पण आत्या इतकी ओशाळून हसायची की तणतणायला आलेला माणूस जाताना आणखी एक शर्ट टाकून जायचा.

तिच्या भाचीला सगळे भिंगरी म्हणत. ती विद्यापीठात संगणकशास्त्र शिकत होती आणि तिथल्या एका विषयाने तिच्या नाकी नऊ आणले होते. या विषयात परीक्षा नव्हती. मुलांनी गट करायचा, बाहेरचा एक खराखुरा क्लायंट शोधायचा आणि त्याच्या उपयोगाचं सॉफ्टवेअर करून द्यायचं. गेल्या वर्षी भिंगरीच्या गटाने एका व्यायामशाळेच्या मालकासाठी काहीतरी केलं होतं. मालकाने ते एकदा उघडलं, मिटलं आणि नंतर फोन उचलायचंच सोडून दिलं. भिंगरी नापास झाली. घरचं कुणी चकार शब्द बोललं नाही, पण तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की यंदाही आपटलो तर डिग्रीला रामराम.

म्हणून यंदा तिने हातचा क्लायंट धरला, आपली आत्या. फोन न उचलणं आत्याच्या स्वभावातच नव्हतं.

गटात आणखी दोघं होते. एकाला दाढी म्हणत. त्याची दाढी आणि त्याच्या कल्पना, दोन्हींना कात्री अशी कधी लागलीच नव्हती. दुसरा मौनीबाबा. तो कोड झरझर लिहायचा, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. तिघं दुकानात आले की आत्या शिलाई मशीन थांबवायची, गठ्ठे सरकवून बसायला जागा करायची आणि कौतुकाने ऐकत राहायची.

"काकू, गिऱ्हाइकाला आपला कपडा पडद्यावर गोल फिरवून बघता आला तर?" दाढी विचारायचा.

"हो, छानच होईल."

"शेजारी हवामानाचा अंदाज?"

"असू दे की."

"आणि कपड्यानेच आपली कहाणी सांगितली तर? मी कुठे फाटलो, कसा उसवलो..."

"सांगू दे बिचाऱ्याला."

अशा रीतीने सॉफ्टवेअर आत्याच्या दुकानासारखंच गच्च भरत गेलं. भिंगरी खूश होती. इतका गुणी क्लायंट अख्ख्या वर्गात कुणाला मिळाला नव्हता, आणि सहामाही तपासणीत तिने सरांना तसं सांगूनही टाकलं.

सरांना प्रत्येक उत्तरानंतर 'कारण?' विचारायची खोड होती. या वेळी त्यांनी वेगळंच विचारलं. "क्लायंटने नाकारलं काय?"

"काहीच नाही, सर! सगळं आवडलं त्यांना."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्याने काहीच नाकारलं नाही, त्याच्याशी तुम्ही अजून बोललाच नाहीत. शेवटच्या सादरीकरणाला त्यांना घेऊन या. मी त्यांनाच विचारेन. एक तरी नकार हवा, आणि त्याचं कारण. नाहीतर पुढच्या वर्षी भेटूच आपण." हे त्यांनी भिंगरीकडे बघून, हसत हसत म्हटलं.

दाढीचं म्हणणं होतं की यात काय एवढं, काकूंना थोडं खोटं बोलायला सांगू. आत्या त्यालाही लगेच तयार झाली. मग भिंगरीने सर होऊन तिची तालीम घेतली. "बाई, तुम्ही काय नाकारलंत?"

"ते हवामानाचं," आत्या पाठ केल्यासारखं म्हणाली.

"का बरं? असलं तर चांगलंच की."

"हो, हो. असलं तर चांगलंच!"

तालीम तिथेच संपली.

मग खरा नकार काढायच्या मागे तिघं हात धुऊन लागले. प्रत्येक टाक्याला मशीनने गाणं म्हटलं तर? "म्हणू दे, करमणूक होईल." दुकानाचं दार सॉफ्टवेअरने आपोआप बंद केलं तर? "बरंच आहे, कुलूप लावायचा त्रास वाचला." आणि तुम्ही आत असताना बंद झालं तर? आत्याने जरा विचार केला. "मग पडलेलं काम तरी होईल."

भिंगरी गठ्ठ्याला पाठ टेकून मटकन खाली बसली. सादरीकरण तोंडावर आलं होतं. काउंटरपाशी एक बाई उसवलेला कोट नाचवत होती आणि आत्या तिला उद्याचा वायदा देत होती. बाई गेल्यावर भिंगरी म्हणाली, "आत्या, जाऊ दे हे सगळं. मला नाही जमत. मी सोडते कॉलेज आणि तुझ्याकडेच येऊन बसते. तुलाही मदत होईल."

हे ती गंमत म्हणून बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला हलकंही वाटलं. गरम इस्त्रीचा वास, आत्याचं हसू, कुणी कारण विचारणारं नाही. काय वाईट होतं त्यात?

"नाही," आत्या म्हणाली.

दाढीचा आ वासलेलाच राहिला. भिंगरीला वाटलं, आता आत्या ओशाळून हसेल, 'बरं, ये हो' म्हणेल. आत्याने दोरा दातांनी तोडला आणि दुसरी पँट पुढे ओढली. कारण तिने सांगितलं नाही आणि भिंगरीनेही विचारलं नाही. वाटेवरच्या गिऱ्हाइकाला हो, आणि सख्ख्या भाचीला नाही! तिला ते चांगलंच लागलं.

तेवढ्यात नवल घडलं. मौनीबाबा बोलला. त्याने लॅपटॉप आत्यापुढे धरला. "काकू, मग हे?"

पडद्यावर एक सदरा गोल फिरत होता. आत्याने त्याच्याकडे बघितलं. "बघून चक्कर येते रे. नको."

"हे?"

"हवामान कळायला खिडकी आहे मला. काढ."

एकदा सुरुवात झाल्यावर आत्याला त्यात रसच वाटू लागला. कपड्यांच्या कहाण्या गेल्या, गाणं गेलं, दार गेलं. दाढी दर नकाराला एकेक उसासा टाकत होता. शेवटी एकच साधं पान उरलं. आठवड्याचे दिवस, त्या त्या दिवसाचं काम, आणि दिवस भरला की तो लाल व्हायचा. लाल दिवशी नवीन काम टाकताच यायचं नाही. आत्याने एक भरलेला दिवस दाबून पाहिला, पुन्हा दाबला. तो काही बधला नाही.

"हे ठेवा," ती म्हणाली. "माझ्या तोंडून निघत नाही, ते हा म्हणेल. मी नुसतं बोट दाखवेन."

सादरीकरणाला आत्या इस्त्रीची साडी नेसून आली आणि पहिल्या बाकावर, शाळेतल्या मुलीसारखी हाताची घडी घालून बसली. मागे सगळा वर्ग. भिंगरीने ते एकच पान दाखवलं. कारणं नीट सांगितली, पण आत्याकडे बघायचं ती टाळत होती. दुकानातल्या त्या दुपारपासून ती आत्याशी कामापुरतंच बोलत होती.

सर आत्याकडे वळले. "बाई, तुम्ही सगळ्यात आधी काय नाकारलंत?"

"हिला," आत्या म्हणाली.

वर्गात खसखस पिकली. भिंगरीचे कान तापले. आता नापास होण्याआधी शोभाही होणार होती.

"म्हणजे?"

"कॉलेज सोडून माझ्या दुकानात बसायला निघाली होती. मी नाही म्हटलं."

हसणं थांबलं. सरांनी एकदा भिंगरीकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, "कारण?"

"तिला शिवता येत नाही, सर. सरळ टाका पडत नाही तिच्या हातून." आत्याने पडद्याकडे बोट केलं. "हे येतं."

भिंगरीला पुढचं वाक्य पाठ होतं, पण ते कुठल्या कुठे गेलं. तिने पहिल्यांदाच आत्याकडे नीट बघितलं. आत्या अवघडून बाकाची कड चाचपत होती, आपण भलतंच काही बोलून गेलो की काय अशा चेहऱ्याने.

"दाखवा पुढे," सर म्हणाले.

भिंगरीने डोळे पुसले आणि पुढचा दिवस उघडला.