रेंजची शिडी

मित्रांनो, भूम तालुक्यातल्या ईट गावात राजपालच्या घरामागे भिंतीला टेकून उभी असलेली जुनी लोखंडी शिडी, ती मीच. माझ्या अंगावरचा हिरवा रंग आता पापुद्रे धरून सुटतो आहे. माझा एक पाय किंचित आखूड आहे, म्हणून त्याखाली फरशीचा तुकडा सरकवावा लागतो. माझी गोष्ट पराक्रमाची नाही, भीतीची आहे. तरीही ती ऐका.

परंड्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी घडले. अण्णाराव मिस्त्रींनी पाइप कापले, पायऱ्या बसवल्या, सांध्यासांध्याला वेल्डिंगचा टाका मारला. मग स्वतः माझ्यावर चढून त्यांनी दणादण पाय आपटले आणि राजपालला म्हणाले, "न्या बिनघोर. फक्त पावसात टाकू नका."

राजपाल गावाची नळयोजना सांभाळायचा. टाकीवर चढायला त्याला मी हवी होते. हळूहळू सारे गावच मला मागू लागले. भीमजयंतीला निळ्या पताका बांधायच्या, शाळेच्या भिंती रंगवायच्या, लग्नाचा मांडव घालायचा, की हाक यायची, "राजपालची शिडी आणा रं." मला तेव्हा फार मोठे झाल्यासारखे वाटे.

पुढे टाकीला पक्का जिना झाला आणि मी घरामागे पडले. पाऊस अंगावर घेतला. शेळ्या येऊन माझ्यावर पाठ घासत. वरून तिसऱ्या पायरीचा टाका गंजाने आतून खाल्ला. वरचा रंग मात्र तसाच होता, त्यामुळे ते कुणाला दिसले नाही. मला तेवढे कळत होते.

आणि मग ते वर्ष आले, ज्यात रोगाच्या साथीने शाळांना कुलपे लागली. राजपालची मुलगी रोहिणी दहावीत होती. तास मोबाइलवर सुरू झाले. घरात रेंज येत नव्हती, स्लॅबवर येत होती. स्लॅबला जिना नव्हता, कठडाही नव्हता. राजपालने मला ओढून काढले, फडक्याने पुसले, एकदा गदागदा हलवून पाहिले आणि भिंतीला टेकवले.

रोहिणी ओढणीत फोन बांधून, पाठीला दप्तर लावून चढू लागली. तिचा पाय तिसऱ्या पायरीवर पडला की माझा जीव गोळा होई. सांधा आत उकलत होता. मी जमेल तेवढी किरकिरले.

"आई, शिडी वाजतीय," ती एकदा म्हणाली.

"लोखंड हाय ते, वाजणारच," सुमनबाई अंगणातून म्हणाल्या.

त्याच दिवसांत मला दुसरी एक गोष्टही कळू लागली. वर स्लॅबवरचे बोलणे मला ऐकू येई. निवेदिता मॅडम गणित शिकवत. मध्येच विचारत, "रोहिणी, याच्या पुढची पायरी तू सांग." फोनमधून शब्द अगदी स्वच्छ येत; तरी रोहिणी म्हणे, "मॅडम, आवाज येत नाही." खाली उतरली की सुमनबाई विचारत, "कळलं का गं आज?" आणि ती म्हणे, "व्हय, कळलं."

चाचणीच्या दिवशी दुपारीच आभाळ काळे झाले. वारा सुटला. लांब शेतावर वीज चमकली.

"रोहिणी, खाली ये," सुमनबाईंनी हाक दिली.

"चाचणी चालूय आई. अजून काहीच लिहिलं न्हाय म्या."

दुसरी वीज जवळ कडाडली. रेंज गेली आणि पाऊस कोसळला. रोहिणी घाईने पाठमोरी उतरू लागली. एका हातात फोन, एका हाताने मला धरलेले. मी मनात म्हणत होते, ती पायरी नको, ती ओलांड. तिने नेमका त्याच पायरीवर पाय ठेवला.

टाका तुटला. पायरी एका बाजूने लोंबली. रोहिणीचे पाय खालच्या पायरीवरूनही निसटले आणि ती एका हाताने लटकली. खाली बरोबर कपडे धुवायचा दगड होता.

"फोन टाक. दोन्ही हातांनी धर," सुमनबाई धावत येत म्हणाल्या.

"बाबांचा हाय. फुटंल."

"फुटू दे. टाक म्हणते न्हवं."

तिची मूठ उघडेना. भीतीने बोटे आवळतात, सुटत नाहीत. सुमनबाई माझ्यावर कधीच चढल्या नव्हत्या. त्या लुगड्याचा घोळ खोचून चढू लागल्या. माझा आखूड पाय चिखलात घसरू लागला. आता आणखी एखादी पायरी गेली तर दोघीही जातील, या विचाराने माझे सारे लोखंड थरथरत होते. त्यांनी मुलीच्या पायाखाली आपला खांदा लावला.

"माझ्या खांद्यावर पाय दे. समदं वजन टाक. मी हाय."

एकेक पायरी करत त्या दोघी खाली आल्या आणि तशाच चिखलात बसल्या. रोहिणीचा हात कोपरापर्यंत खरचटला होता. फोन मुठीतच होता, पण बंद पडला होता.

फोन ओढणीने पुसत ती म्हणाली, "आई, मला काहीच कळंना झालंय. लई दिसापासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"बाबांनी त्यांचा फोन मला दिला. तुम्ही घरातलं एकबी काम सांगत न्हाई. कसं सांगू?"

सुमनबाईंनी तिला जवळ ओढले.

राजपाल आला. तुटलेला सांधा त्याने अंगठ्याने घासून पाहिला. गंजाचा भुगा हातावर आला. पाऊस थांबल्यावर, अंगणात बोलण्यापुरती रेंज मिळताच, शेजारच्यांचा फोन मागून त्याने मॅडमना लावला, घडलेले सांगितले आणि फोन रोहिणीपुढे धरला.

मॅडम म्हणाल्या, "वीज चमकत असताना तास बुडाला तरी चालेल. मी शिकवलेलं रेकॉर्ड करून पाठवीन. रेंज असेल तेव्हा फोनमध्ये उतरवून घे आणि घरात एका ठरलेल्या जागी बसून बघ. फोन बाजूला ठेवून गणित हाताने सोडव. आणि रोहिणी, यापुढे ‘आवाज येत नाही’ म्हणू नकोस. ‘कळलं नाही’ म्हण."

म्हणजे तिला आवाज येत असे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. रोहिणी तोंडावर ओढणी धरून रडली.

माझा प्रत्येक सांधा खरवडून, ठोकून पाहिला गेला आणि नवे टाके बसले. फोनही दुरुस्त झाला. आता आभाळ स्वच्छ असेल तेव्हाच रोहिणी चढे, स्लॅबच्या मधोमध बसे. चढता-उतरताना सुमनबाई माझे पाय धरून उभ्या राहत. एका सकाळी मॅडमनी तिला गणिताची पुढची पायरी विचारली.

"मॅडम, कळलं नाही," ती म्हणाली.

लगेच फोनमधून तिच्या वर्गातल्या शिवप्रियाचा आवाज आला, "मॅडम, मला पण नाही." मग आणखी एकीचा. मॅडमनी ते गणित पहिल्यापासून घेतले.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. कुणाचाही पाय पडला की मी आजही आतून आक्रसते. तुमच्याही वाट्याला असे घरबसल्या शाळेचे वर्ष आले, तर आधी बसायची जागा नीट बघा. ज्याच्यावर उभे राहता त्याचा वरचा रंग पाहून विश्वास ठेवू नका, खरवडून बघा. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना पावसात टाकू नका. आणि काही अडले, भीती वाटली, तर त्याच दिवशी घरात सांगा, शाळेत सांगा. मला सांगता येत नव्हते. तुम्हाला येते.