दादांची चौथी ओळ

"गेले का तुमचे पाव्हणे?" बायकोनं, कांताबाईंनी आतून विचारलं.

"एक गाणं राह्यलंय," राजानंद म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर बोट टेकवलं.

पाहुणे म्हणजे कुणी परदेशी पियानोवाला आणि ड्रमवाला. जॅझच्या सरावासाठी रेकॉर्ड केलेल्या या ट्रॅकमधून डबल बेस हे खर्जातलं तंतुवाद्य मुद्दाम गाळलेलं असतं. ती रिकामी जागा आपण वाजवून भरायची. फौजेच्या बँडात सव्वीस वर्षं बेस वाजवून राजानंद जालन्यात राहायला आले, तेव्हा माणसापेक्षा उंच असं ते वाद्य ट्रकमधून उतरलं आणि गल्लीनं त्याला सारंगीची आजी ठरवून टाकलं. जॅझ वाजवणारा दुसरा माणूस काही साऱ्या जिल्ह्यात सापडेना. मग काय, अकरा वर्षं रोज सकाळी या पाहुण्यांसोबतच मैफल. पाहुणे तसे गुणी. चहा मागत नसत, रुसत नसत, आणि कुणासाठी अर्धी मात्राही थांबत नसत.

उन्हाळ्यात घनसावंगीहून थोरल्या भावाचा, पुंजारामदादांचा फोन आला. दादा भीमगीतांच्या गायन पार्टीतले जुने गायक. आईला, दुर्गाबाईंना, जाऊन वर्ष होत होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दादा आईवर स्वतः रचलेलं गाणं म्हणणार होते.

"शेवटचं कडवं नवं हाय. कोणालाच सांगितलं न्हाई अजून, त्याच दिशी म्हणतो," दादा म्हणाले. "तू वाजव माझ्यामागं. जल्मात एकदा बी संगं बसलो न्हाई आपण. आठ दिस आधी ये, बसवून घेऊ."

एवढं बोलताना दम्यानं ते तीनदा थांबले. राजानंदांचा जीव तुटला.

"तुमी दम राखून ठेवा, दादा. मी इकडं ट्रॅकवर बराबर बसवतो."

भावाला त्रास नको म्हणून काढलेली युक्ती. ढोलकीवाल्या भिवाकडून त्यांनी गाण्याची चाल फोनवर रेकॉर्ड करून मागवली. नुसती ढोलकी आणि पेटी, आवाज नाही. महिनाभर त्यावर सराव केला. कांताबाईंनाही चाल पाठ झाली.

कार्यक्रमाला भावकी झाडून जमली. त्रिशरण-पंचशील झालं आणि दादा गायला उभे राहिले. पहिली दोन कडवी काय रंगली! राजानंदांनी सुखानं डोळे मिटले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते जिवंत माणसामागे वाजवत होते.

शेवटच्या कडव्याआधी दादा 'माय' म्हणाले आणि श्वासासाठी थांबले. भिवाचा हात ढोलकीवर तसाच राहिला. त्यानं दादांसोबत तीस वर्षं काढली होती. राजानंद मात्र पुढे गेले. त्यांच्या ट्रॅकमध्ये इथे थांबणं नव्हतंच. चार मात्रा, आठ मात्रा, अगदी सुरात, अगदी तालात. दादांनी त्यांना गाठायला घाईनं तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ते आईच्या फोटोशेजारी खाली बसले. गाणं तिथंच राहिलं.

"दादा, माझं चुकलं," राजानंद नंतर म्हणाले.

"न्हाई रे. तू बिलकुल बराबर वाजवून राह्यल्ता. मीच मागं पडलो."

त्यापेक्षा दादांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जालन्याला परतल्यावर बेसला हात लागेना. कांताबाईंनी पंधरा दिवस कळ काढली. मग विचारलं, "पाव्हण्यांवर रुसले का?"

"तेंची काय चूक? तेंला थोडंच कोणाचा दम ऐकू येतो. मला तर येत व्हता ना."

पुढच्या आठवड्यात दादांच्या सुनेचा, शीतलचा फोन आला. दादांनी अंथरूण धरलं होतं. राजानंद बस धरून घनसावंगीला गेले. बेस नेला नाही. खाटेशेजारी मांडी घालून बसले.

"दादा, ते कडवं म्हणा. कितीबी येळ लागू द्या."

दादांनी उशीला टेकून घेतलं. मग आवाज आला, बारीक पण सुरात.

'माय, तुझ्या ओटीत कापूस, माझ्या हाती पाटी...'

श्वास सापडेपर्यंत शीतलनं आणलेला चहा गार झाला.

'बोंडं टोचली तुला, अक्षरं माझ्यासाठी...'

राजानंद छातीचं वरखाली होणं बघत थांबले. तिसरी ओळ त्यांच्यावरच निघाली.

'धाकला गेला दूर, माय बसली दारात...'

दादांनी हात वर केला. "आता बास. एक राह्यली, ती उद्या. पहिल्या गाडीनं ये."

दुसऱ्या दिवशी राजानंद पहिल्या गाडीनं पोचले, तेव्हा दारात चपलांची गर्दी होती. भिवा पायरीवर डोकं धरून बसला होता. राजानंद कुणाशी न बोलता आत गेले आणि खाटेशेजारी कालच्याच जागी मांडी घालून बसले.

थोड्या वेळानं मागून कुणीतरी हळू म्हणालं, "भाऊ, जरा सरका. आंघोळ घालायची हाय."

"थांबा थोडं," राजानंद म्हणाले.

माणसं थांबली.