गाडीवर धूळ नको

मी भिंतीतला पंखा बोलतोय. छताला लटकून वारा घालणारा तो माझा चुलतभाऊ. त्याच्याखाली लोक झोपा काढतात. माझं काम आतली धूळ ओढून बाहेर फेकायचं. दगडी फरशा कापायच्या या कारखान्यात मला बसवताना मिस्त्री म्हणाला होता, "हा फिरत राहिला तर माणसं जगतील." मी तर हवेतच गेलो!

पण माझं तोंड उघडतं नेमकं मालकांची गाडी लागते तिथे. काळीभोर, चकचकीत गाडी. ती आत आली की कुणीतरी ओरडायचं, "गाडी आली, पंखा बंद!" मालकांनी हे एकदाच सांगितलं होतं. पुढे सांगायची गरजच पडली नाही. कामगारच धावत येऊन माझं बटण बंद करायचे. गाडी दिवसभर उभी, मी दिवसभर गप्प, आणि कटर मात्र सुरू. धूळ जाणार कुठे? गेली यांच्याच छातीत.

पॉलिशवाले दादा असेच गेले. धड चाळिशीही गाठली नाही. शेवटी शेवटी पाण्याचा तांब्या उचलतानाही धाप लागायची. लोक म्हणाले, "बिडीनं नेलं." अहो, त्या माणसानं जन्मात बिडीला हात लावला नव्हता! मालक म्हणाले, "आयुष्य तेवढंच होतं. देवाची मर्जी." मालकांचे वडील दादांच्या दुप्पट वयाचे. काचेच्या थंडगार केबिनमध्ये बसतात, अजून काठीशिवाय जिना चढतात. चढू देत, शंभरी गाठू देत, माझं काही म्हणणं नाही. पण देवाला कशाला मध्ये ओढता? बटण बंद होतं!

दादांच्या मागे त्यांची बायको इथे झाडलोटीला लागली. सगळे तिला वहिनी म्हणतात. तिचा धाकटा दीर कटरवर. एक दिवस तो खोकायला लागला. तोच कोरडा, लांबलचक खोकला. वहिनीचा झाडू जागच्या जागी थांबला. ती तरातरा आली आणि तिनं माझं बटण चालू केलं.

मी असा सुटलो म्हणता! साठलेली सगळी धूळ भसकन गाडीवर.

मालक धावत आले. "डोकं फिरलंय का? बंद कर तो पंखा! गाडीची काय दशा केलीस बघ!"

वहिनीनं बटणावरचा हात काढला नाही. "गाडी धुता येते, मालक. भाऊजींची छाती कुठे नेऊन धुऊ?"

"उद्यापासून येऊ नकोस कामावर."

दीर घाबरला. "वहिनी, राहू द्या ना. माझंही काम जाईल."

"काम गेलं तर दुसरं शोधू, भाऊजी. तुम्ही गेलात तर?"

दिरानं कटर बंद केला. शेजारच्यानं केला. त्याच्या पलीकडच्यानं केला. कारखान्यात माझाच काय तो आवाज उरला. मालकांनी सगळ्यांकडे पाहिलं, किल्ली काढली आणि गाडी फाटकाबाहेर नेऊन लावली.

तेव्हापासून मी फिरतोय आणि वहिनीही कामावर येतेय. दिराची छाती काही पूर्वीसारखी होणार नाही, डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलंय. उरलीय तेवढी राखायची. माझी पाती गंजलीत, मी खडखड करतो, म्हणून मालक म्हणतात की मला काढून भोक लिंपून टाकणार. लिंपा की! खुशाल या. फक्त येताना गवंडी बाहेरून आणा, कारण इथला एकही हात त्या कामाला लागणार नाही.