पट्ट्यांच्या पलीकडचा मी

मित्रांनो, मी एक मासा आहे, आणि माझ्या अंगावर पट्टे आहेत. एवढं सांगितलं की बहुतेकांना वाटतं, कळलं, आणि ते मान हलवून मोकळे होतात. मी मात्र अजून माझं सांगायला सुरुवातही केलेली नसते.

माझा रंग काळपट तपकिरी. डोक्यापासून शेपटीपर्यंत दुधाळ पट्टे. तोंडाशी मिशा आहेत, कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक दणकट काटा आहे आणि दोन्ही कुशींवर बारीक काट्यांची ओळ आहे. अंगावर खवले नाहीत. हे सगळं काचेतून स्वच्छ दिसतं, फक्त बघावं लागतं. गोम तिथेच आहे.

माझा जन्म कुठल्याशा तळ्यात झाला. तिथून प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून मी कल्याणला आलो, महिपतच्या दुकानात. बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात काचेच्या टाक्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. पट्टे असलेले जेवढे मासे येत, तेवढे महिपत एकाच टाकीत सोडी. आम्ही एकमेकांचे कुणी नव्हतो. कुणी दिवसभर पळणारा, कुणी माझ्यासारखा दडून बसणारा. पण गिऱ्हाइकाला सगळे भाऊ-भाऊच वाटायचे.

तिथे मला लिओना भेटली. ठाण्यातल्या माजिवड्याची शाळकरी मुलगी, आईचं बोट धरून गप्पी मासे घ्यायला आलेली. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "काका, हा कुठला?"

"हा ना? काच साफ करतो," महिपत म्हणाला. "एकदम बिनधास्त घेऊन जा. खायला टाकायचं टेन्शनच नाही, घाण खाऊन जगतो."

मी काच साफ करत नाही. माझ्या सात पिढ्यांत कुणी केलेली नाही. पण सांगणार कुणाला? लिओनाने माझी पिशवी मांडीवर धरून मला माजिवड्याला नेलं आणि दिवाणखान्यातल्या टाकीत सोडलं. टाकी नवीकोरी होती. खाली पांढरेशुभ्र खडे, वर लखलखीत दिवा, आणि दडायला मात्र एक भोक नाही. मी गाळणीच्या यंत्रामागे अंग चोरून उभा राहिलो. पोरगी रोज सकाळी चिमूटभर खाणं पाण्यावर भुरभुरवायची. ते वरच्या वर गप्पी फस्त करायचे. अंधार झाला की मी बाहेर यायचो आणि खडे चाचपत फिरायचो. तळाशी काही उरलेलंच नसायचं.

मी वाळत चाललो. काचेवरचं शेवाळ तसंच राहिलं. तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

लिओनाला माझी काळजी होती, हे मी नाकारत नाही. तिने आईच्या मोबाइलवर माझा फोटो काढला. फोटोत आली माझी शेपटी आणि तिचंच प्रतिबिंब. मोबाइलने तेवढ्यावरून ठामपणे सांगितलं की मी समुद्रातला विषारी मासा आहे. तिची आई रोझा किंचाळलीच, "अगं, हात काढ आधी पाण्यातून!" दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने फोटो काढला, तर मी भलताच कुणीतरी निघालो. मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते.

मग या प्रकरणात आजोबा पडले.

झेवियर आजोबा म्हणजे लिओनाच्या वडिलांचे वडील. उभा जन्म ठाण्याच्या खाडीत होडी घालण्यात गेला. घरात माशांबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. नातीचं तोंड उतरलेलं त्यांना बघवेना. त्यांनी टाकीत एकदा डोकावलं, माझ्या मिशा बघितल्या आणि हसले.

"अगं, यो तं शिंगाला हाय! खाडीचा मासा. गोड्या पाण्यात ठेवलाव त्याला, मरंल नाय तं काय?"

"पण आजा, शिंगाल्याला पट्टे असतात?"

"असतील एखाद्याला. मना शिकवतेस व्हय?"

आणि म्हातारबुवा कॅन घेऊन खाडीवर गेले. उन्हातून तो जड कॅन घेऊन धापा टाकत परत आले आणि मोठ्या प्रेमाने त्यांनी ते खारं पाणी टाकीत ओतलं. मित्रांनो, मी गोड्या नदीच्या कुळातला. खवले नसल्यामुळे ते पाणी माझ्या उघड्या कातडीला झोंबलं. अंगाची आग आग झाली. मी दिवसाउजेडी वेड्यासारखा वर धावलो. गप्पी मात्र मजेत होते. त्या मेल्यांना थोडं खारं पाणी चालतं! त्यांच्याकडे बघून आजोबा म्हणाले, "बघ, पानी मानवलं." माझी तगमग त्यांना आनंदाची वाटली.

मी फारच आदळायला लागलो तेव्हा त्यांनी मला जाळीत धरलं. माझे दोन्ही काटे ताठ उभे राहिले आणि जाळीत रुतले. भीतीने मी करकरलो. हो, मला आवाज काढता येतो. काट्यांची मुळं घासून मी करकर करतो. अखेर काहीतरी बोललो, आता तरी कळेल असं मला वाटलं. पण शिंगालाही पाण्याबाहेर काढला की कुरकुरतो, हे माझ्या कमनशिबाने आजोबांना पक्कं ठाऊक होतं.

"आयकलंस? शिंगालाच!" ते म्हणाले. "पक्कड आन. काटा लागला तं हात सुजंल तुझा."

होडीवरची ही रीतच आहे. शिंगाला मिळाला की आधी त्याचे काटे मोडायचे. हात वाचतो, जाळंही फाटत नाही. त्या हाताने हे किती वेळा केलं असेल कोण जाणे. पक्कड लागली. कट्, एवढाच आवाज झाला. माझा उजवा काटा गेला. ती कळ मी अजून विसरलेलो नाही.

लिओनाने त्यांचं मनगट धरलं. ती रडत होती, पण रडता रडता पहिल्यांदाच मला जवळून बघत होती.

"आजा, थांब ना! हे बघ. याच्या अंगाला बाजूने काटे आहेत, करवतीसारखे. शिंगाल्याला असतात?"

आजोबांनी चष्मा लावला. माझ्या कुशीवरून अंगठा फिरवला. 

"नाय," ते हळूच म्हणाले. "शिंगाल्याचं आंग गुलगुलीत. यो शिंगाला नाय."

"मग कोण?"

 आजोबांनी पक्कड ठेवली, कात्री मागितली आणि माझ्या डाव्या काट्याभोवतीची जाळी एकेक धागा करून कापली. जाळं वाचवायला जन्मभर काटे मोडणारा तो माणूस काटा वाचवायला जाळं कापत होता. तेव्हा मला त्यांचा राग आला होता की कीव, हे मला सांगता येत नाही. दोन्ही होतं.

मला गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवलं. रोझाने डोंबिवलीच्या निशिगंधाताईंना फोन लावला. त्या घरी मासे पाळतात. त्यांनी नाव सांगायची घाई केली नाही, उलट विचारत बसल्या. मिशा किती? कुशीवर काटे आहेत का? आवाज करतो का? बाहेर कधी येतो? लिओना बादलीशी बसून एकेक बघून सांगत गेली. मग त्या म्हणाल्या, "हा राफेल कॅटफिश. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. दिवसा झोपतो, काच साफ करत नाही. नीट ठेवलात तर लिओनाचं कॉलेज होईपर्यंत जगेल."

आता टाकीत पाइपाचा तुकडा आहे. दिवा मालवल्यावर माझं खाणं तळाशी पडतं. मी अंगाने भरलोय. पण काटा गेलेली बाजू सावरताना अजून तोल जातो, आणि आवाज एकाच अंगाने निघतो. नाव मिळालं म्हणून काटा परत मिळाला नाही.

परवा शेजारची संचिता पिशवीत इवलासा पट्टेरी मासा घेऊन आली. "आजोबा, तुम्हाला सगळं माहितीय. हा कुठला?"

आजोबांनी चष्मा लावला. पिशवी उजेडाकडे धरली.

"मना ठाव नाय," ते म्हणाले. "थांब, आदी बघू दे."

मित्रांनो, मी पाइपात होतो आणि मी ते ऐकलं. एवढंच वाक्य माझ्या वेळी कुणी बोललं असतं, तर आज माझे दोन्ही काटे शाबूत असते.