परदेशात शिकवायला गेलेला खलबत्ता

मित्रांनो, मला जुना म्हणा, जड म्हणा, काळाकुट्ट म्हणा. पण मुका म्हणू नका. मी खलबत्ता आहे आणि आवाज हीच माझी ओळख.

एका पाथरवटाने मला एकाच दगडातून घडवले. आमच्या बाई लग्न होऊन आल्या, त्या वर्षी त्यांच्या सासूबाईंनी मला घरी आणले. पुढे तीस वर्षे मी लसूण, मिरे, आले कुटत आलो. "मिक्सरला ही चव नाही!" असे कोणी म्हटले की, दगड असूनही मी फुलून जायचो.

मग बाईंची लेक परदेशी नोकरीला गेली. आई मागे एकटी पडली म्हणून ती आईला न्यायला आली. सामान बांधताना ती ओरडलीच, "आई, हा धोंडा कशाला? वजन बघ त्याचं!"

"माझे चार कपडे काढ," बाई म्हणाल्या. "हा येणार."

तिथे मात्र आमची पंचाईत झाली. पहिल्याच सकाळी मी जरा वाजलो आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ डोळे चोळत दारात हजर! माझी रवानगी ओट्याखालच्या कपाटात झाली. बाईंचेही दिवस जाता जाईनात. भाषा येईना, लेक दिवसभर ऑफिसात.

"मी परत जाते गं," एकदा त्या म्हणाल्या. "इथे माझा कुणाला काय उपयोग?"

दुसऱ्याच दिवशी जवळच्या ग्रंथालयात जाऊन लेकीने शिकवणारी म्हणून आईचे नाव देऊन टाकले. शनिवारी सकाळी, आपल्या देशाच्या स्वयंपाकाचा वर्ग!

"अगं, मला त्यांच्याशी बोलता कुठे येतंय?" बाईंना घाम फुटला.

"मी सांगेन ना त्यांच्या भाषेत. तू फक्त कर."

शनिवारी बाईंनी मला कपाटातून काढून ग्रंथालयात नेले. बारा जण आले. बाई म्हणाल्या, "थोडं मीठ घाला." लगेच टपाल वाटणाऱ्या एका तरुणीने हात वर केला. थोडे म्हणजे किती ग्रॅम?

"अंदाजाने," बाई म्हणाल्या. झाले! लेक अडखळली. त्या शब्दाला तिकडचा शब्दच तिला सापडेना. लोक एकमेकांकडे पाहू लागले. बाईंचा चेहरा उतरला. आता सगळे आटोपते घेणार, असे मला वाटले.

पण त्यांनी हातातला कृतीचा कागद बाजूला ठेवला आणि मला पुढे ओढले. मिरे आणि लसूण माझ्यात टाकून त्यांनी कानाला हात लावून दाखवला: ऐका! मिरे फुटेपर्यंत मी ठक् ठक् वाजलो, मग करकर करू लागलो. वाटण जमून आले तसा माझा आवाज धप् धप् असा मऊ झाला. बाई थांबल्या. "झालं!"

हे कोणालाच समजावून सांगावे लागले नाही. मग माझ्यापुढे रांगच लागली. एका निवृत्त बसचालक आजोबांनी असा घाव घातला की लसणाची पाकळी उडून थेट ग्रंथपालांच्या चहात पडली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. टपालवाल्या तरुणीने मात्र डोळे मिटून कुटले आणि अचूक क्षणी ती ओरडली, "झालं!" अगदी आपल्या भाषेत! बाईंना इतके मोकळे हसताना मी कित्येक महिन्यांनी पाहिले.

त्या धीराच्या जोरावर बाई एकट्याच खालच्या मजल्यावर डबा घेऊन गेल्या. खाणाखुणांनी कळले, गृहस्थ रात्रपाळी करतात आणि दहापर्यंत झोपतात. एवढेच होते! आता मी दहानंतर खुशाल वाजतो.

परवा लेकीने विचारले, "आई, तुझं परतीचं तिकीट काढू का?"

"आत्ता? वेडी का काय तू?" बाई म्हणाल्या. "शनिवारी सोळा जण येतायत!"

मित्रांनो, माझी एक कळकळीची विनंती आहे. आमच्यासारखी जुनी भांडी शोभेला मांडू नका, कामाला लावा. आणि घरातल्या थोरांना "तुम्ही बसा, आराम करा" असे नुसते म्हणत राहू नका. कधीतरी बाह्या सरसावून त्यांच्याजवळ जा आणि म्हणा, "मला शिकवता का?"