तिसरा गडी

विमानातून उडी मारायला अजून थोडा अवकाश होता, म्हणून उज्वलानं तेवढ्यात कुकरखालचा गॅस बारीक केला. मग पदराला हात पुसले, मोबाइल आडवा धरला आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

“गंधार, आज मागं मागं राहू नको बरं,” मोबाइलमधून देविकाचा आवाज आला. “आज हरलो की फायनल गेली. मग मी तिसरा गडी बदलणार, आधीच सांगून ठेवते.”

माइक बंद आहे ना, हे उज्वलानं पुन्हा एकदा पाहिलं. कारण तिसरा गडी म्हणजे गंधार, आणि गंधार गेला होता फिजिक्सच्या क्लासला. खेळत होती ती त्याची आई.

पोराच्या नीटच्या परीक्षेसाठी अहमदपूरचं घर नवऱ्यावर सोपवून ती लातुरात खोली करून राहिली होती. गल्लीतल्या बहुतेक आया अशाच आलेल्या. परीक्षेपर्यंत पोरांचे मोबाइल जप्त करायचे, हेही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. गंधारचा मोबाइल ज्वारीच्या डब्यात गेला. त्यातला गेम तरी काढून टाकावा म्हणून एका दुपारी तिनं बटनं दाबली, ती भलतीच दाबली गेली, आणि बाई थेट लढाईत जाऊन पडली. त्या दिवशी वरण करपलं. दुसऱ्या दिवशीही करपलं.

देविका आणि अनिमेष, संघातले बाकीचे दोन गडी, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले. त्यांच्या बोलण्यातला गंधार नकला करायचा, भलत्या वेळी गाणी म्हणायचा. घरातला गंधार मान खाली घालून जेवायचा आणि पुस्तक उघडायचा. परीक्षा संपली की त्याला परत जायला ही जागा शाबूत राहावी, एवढंच तिच्या मनात होतं. म्हणजे, सुरुवातीला एवढंच होतं.

त्या गेमचे गुणदोष तिला आता सासरच्या माणसांसारखे पाठ झाले होते. गुण असा, की आपण आपल्याच माणसाच्या पाठीमागून, जरा वरून बघतो. भिंतीआड दडून बसलं तरी पलीकडचा दिसतो, आणि त्याला आपला पत्ता नसतो. ही सोय सासरी असती तर! दोष असा, की हे बघणं उजव्या खांद्यावरून. डावीकडून कुणी चाल करून आलं की कळेपर्यंत उशीर. बंदुका झकास, धावणं झकास, घरांचं मात्र वाटोळं करून ठेवलेलं. आत शिरलं की चित्र भिंतीला जाऊन चिकटायचं, पडदा अंधारायचा, आपण कुठं उभे तेच कळायचं नाही.

म्हणून ती घरात शिरायचीच नाही. म्हणजे, ती स्वतःला असं सांगायची. किल्लारीच्या भूकंपात ती औसा तालुक्यात मामाकडं होती, लहान होती. तेव्हापासून दगडी भिंत आणि वर मातीचं माळवद दिसलं की तिची पावलं अंगणातच थांबायची. खेळातसुद्धा.

“झाली सुरू मारामारी?” घरमालकीण शिवम्मा सुपात तूर घेऊन उंबऱ्यावर टेकली. “आज कुणाला मारायलीस ग?”

“दिसंल त्याला, मावशी.”

“आन् ते पोरगं सारखं पाठ करून काय उभंय? तोंड दाव म्हणावं की.”

“तोंड दिसतच न्हाई. तसाच हाय हा खेळ.”

“मग काय मजा त्याच्यात?” असं म्हणत शिवम्मा आणखी जवळ सरकली, आणि तूर निवडायची विसरून गेली.

उडी झाली. टेकडी, ओढा, बाभळीसारखी झाडं. उज्वला पळत सुटली. अनिमेषला गोळी लागून तो आडवा झाला, तशी ती गोळ्यांच्या माऱ्यातून वाकून गेली, त्याला मलमपट्टी केली, उठवला.

“जियो!” अनिमेष ओरडला, आणि जरा वेळानं पुन्हा पडला. या वेळी कायमचा. देविकानं दोघांना टिपलं. उज्वलानं एकाला. तळहात घामानं ओले झाले होते, ते पुसायलाही सवड नव्हती. मागून लाल रेघ सरकत येत होती आणि सुरक्षित जागा आकसत आकसत एका दगडी घरापुरती उरली होती.

“आत ये!” देविका किंचाळली. “बाहेर राहिलास की गेलास!”

उज्वला अंगणात थांबली. तिचा अंगठा हलेना.

“जा की ग!” शिवम्मानं तिच्या गुडघ्यावर चापट मारली. “चित्रातलं घर हाय ते! कुठं पडायलंय!”

उज्वलानं श्वास ओढून घेतला आणि आत शिरली. पडदा काळा झाला. नुसती दगडाची कड, आणि कुणाच्या तरी पावलांचा आवाज.

“काकू, डावीकडं! काकू, डावीकडंच!”

ती गर्रकन डावीकडं वळली आणि बटन दाबून धरलं. अंधारात कुणीतरी कोसळलं. तुताऱ्या वाजल्या, सोनेरी अक्षरं उसळली.

“मारला! मारला बाई!” शिवम्मा उठली ती सुपासकट. तूर खोलीभर झाली.

उज्वलानं माइक सुरू केला. “काकू कुणाला म्हणालीस ग?”

“सॉरी काकू,” देविका पुटपुटली. “घाईत तोंडातून गेलं.”

“कधीपासून माहीत हाय तुम्हाला?”

“पहिल्यापासूनच,” आता अनिमेष बोलू लागला. “गंधार आधी बंदूक उचलतो. तुम्ही औषधाचे डबे उचलता, आणि आम्हालाच वाटता. त्याच्या क्लासमधल्या मित्राच्या फोनवर त्याला विचारलं, तर म्हणाला, आई असंल ती. सांभाळून घ्या, कळू देऊ नका.”

“आन् गडी बदलायची धमकी?”

“ती दिली नसती तर तुम्ही घरात शिरला असता का?” देविका हसली. “काकू, रविवारी फायनल हाय. सांगा त्याला.”

“सांगते. क्लास सुटू तर दे त्याचा.”

शिवम्मा खाली बसून तूर गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, “सुटलाय. जिन्यात बसलाय तुझा लेक. रोज बसतो. आजी, खेळ संपला की हाक मारा म्हणतो.”

उज्वला तशीच बाहेर गेली. गंधार खालच्या पायरीवर, मांडीवर पुस्तक घेऊन बसला होता. चाहूल लागताच उठला.

“जिंकलीस?”

तिनं मान हलवली. “वर का येत नव्हतास रे?”

“तू बंद केलं असतंस.” तो पुस्तकाची कड नखानं उकलत राहिला. “तू हसतीस ना खेळताना. इथपर्यंत ऐकू येतं.”

तिनं त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं, उजेडाकडं धरून पाहिलं.

“इथं अक्षर तरी दिसतं का? डोळे घालवशील,” ती म्हणाली. “चल वर. आणि रविवारी क्लास बुडवायचा न्हाई. फायनलचं मी बघते.”